काट्यावरचा कॅमेरा

तीन वर्षं ती पिवळी पट्टी येत होती स्क्रीनच्या माथ्यावर:
फ्लॅश बंद होणार आहे, फ्लॅश बंद होणार आहे.
रोज सकाळी फुलीवर टिचकी मारून मी तिला घालवायचो.
लाइट बिलाच्या मागचा मजकूर तरी कोण वाचतं?

सावद्याला, स्टेशनच्या वाटेवर, आमचा वजनकाटा.
लोखंडी खांब, खांबावर कॅमेरा,
दोन हजार अकरात मीच चढून बसवलेला,
मे महिन्यात, पान्याने तळहात भाजत.
दिल्लीचा व्यापारी तिकडे बसून बघायचा
ट्रक किती भरला, घड किती हिरवा,
आणि बोर्ड भावावरून फोनवर भांडायचा.

बारा जानेवारीला ब्राउझरने दार लावलं.
चित्राच्या जागी राखी चौकोन,
मधोमध कोड्यातला एक सुटा तुकडा.
दिल्लीवाला म्हणाला, फोटो पाठवत जा, चालेल.
मालक म्हणाले, पाहू संक्रांतीनंतर.
मीही म्हणालो, पाहू.
भरिताचे दिवस. शेताशेतात पऱ्हाट्या पेटलेल्या,
वांगी भाजत होती. घाई कोणाला होती?

फेब्रुवारीत एका रात्री सर्व्हरची नोंद उघडली,
दुसऱ्याच कामासाठी.
रोज, आपल्या पाच चाळीसला, ओमानमधल्या सोहारहून
कोणीतरी आमचं पान उघडत होतं.
चार-पाचदा, परत परत. मग बंद.
बारा जानेवारीपासून एकाही दिवसाचा खाडा नाही.

मग डीव्हीआर चाळला. त्यात सातच दिवस साठतात.
पाच चाळीस: सुपडू आप्पा, काटेवाले,
केबिनबाहेर येतात, टोपी नीट करतात,
खांबाकडे तोंड करून हात वर धरतात.
सातही दिवस. रविवारी इस्त्रीचा सदरा.
त्यांची कुमुदिनी लग्नानंतर तिकडे असते, हे मला ठाऊक होतं.
हे नव्हतं.

एकोणतीस दिवस
इकडे हात वर व्हायचा, तिकडे पान उघडायचं.

त्याच रात्री बसलो. जुनं सगळं उपटलं.
नव्या पद्धतीत चित्र अख्खं जात नाही.
आता घड तरी कोण अख्खा पाठवतो?
फण्या कापून, धुऊन, खोक्यात घालून जातो माल.
तसेच हे सहा-सहा सेकंदांचे तुकडे,
प्रत्येकावर नंबर, सोबत एक यादी,
पलीकडे यादी वाचत पुन्हा घड बांधला जातो.
कुठे चिकाचा डाग नाही.
फक्त तीन खोकी भरल्याशिवाय गाडी हलत नाही.
अठरा सेकंद उशीर.

पहाटे चारला चित्र आलं.
काट्यावर एक कुत्रं झोपलेलं. आकडा: वीस किलो.

संध्याकाळी आप्पांचा फोन वाजला.
"आप्पा, दिसले! आत्ता हात वर केला तुम्ही!"
"आत्ता कुठे व माय, मी त कव्हाचाच बसेल आहे खुर्चीत."
थोडा वेळ दोघंही गप्प.
मग आप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, कितीची तूट?
अठरा, मी म्हणालो.

परवा आणखी एक पट्टी आली, निळी, कशाची तरी.
शेवटपर्यंत वाचली.

आप्पा आता हात वर करून उभेच राहतात.
कॅमेऱ्यात ओठ हलताना दिसतात: अठरा मोजतात,
वर दोन, घटीचे.
थांबल्याने काही लवकर पोचत नाही,
हे मी त्यांना सांगितलेलं नाही.
मागे केळीचा ट्रक हॉर्न देत असतो.
ते मान वळवत नाहीत. एकोणीस. वीस.